एल्डन रिंग: लढता लढता पूर्वकथा कशी वाचावी

तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. पहिला असा की एल्डन रिंग हा व्हिडिओ गेम सुरू करून बरेच दिवस झाले तरी लिमग्रेव्ह या सुरुवातीच्या प्रदेशाबाहेर पडता येत नाही. घोड्यावरचा तो सोनेरी सरदार दर वेळी लोळवतो आणि स्टॉर्मव्हेल किल्ल्याच्या वाटेवर उभ्या असलेल्या मार्गिटपुढे तर निभावच लागत नाही. दुसरा असा की मित्रमंडळी ज्या पूर्वकथेचे, म्हणजे खेळणाऱ्यांच्या भाषेत ‘लोअर’चे, एवढे कौतुक करतात, ती तुम्हाला कुठे दिसतच नाही. सुरुवातीची चित्रफीत संपली की कोणी काही सांगत नाही, भेटतील ती माणसे कोड्यात बोलतात, आणि म्हणून आधी यूट्यूबवरचे लांबलचक व्हिडिओ पाहून मग खेळायला बसावे का, असे तुम्ही विचारले आहे.

माझे स्पष्ट उत्तर ‘नाही’ असे आहे. हा खेळ बनवणाऱ्या फ्रॉमसॉफ्टवेअरचे खेळ मी २०११ च्या डार्क सोल्सपासून खेळत आले आहे, नव्या खेळणाऱ्यांना सोबत करत आले आहे, आणि माझा अनुभव असा की लढाई जमत नाही आणि कथा कळत नाही या दोन तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा एकच असते: समोर जे आहे त्याच्याकडे आपण पुरेसे थांबून पाहत नाही. मार्गिटची काठी हवेत किती वेळ रेंगाळते हे ज्याला दिसू लागते, त्याला हळूहळू हेही दिसू लागते की शिंगे असलेल्या, सुवर्णव्यवस्थेने (या जगावर राज्य करणाऱ्या धर्मव्यवस्थेने) शापित ठरवलेल्या या योद्ध्याच्या हातात सोनेरी प्रकाशाचे खंजीर आणि हातोडा आले कुठून. दोन्ही ठिकाणी नजर तीच लागते.

कथा अशा विखुरलेल्या रूपात का आहे, हे आधी सांगते. हा खेळ २५ फेब्रुवारी २०२२ रोजी प्रसिद्ध झाला. दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी यांनी जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्याकडून या जगाचा प्राचीन इतिहास लिहून घेतला, म्हणजे आपले पात्र तिथे पोहोचण्याच्या फार पूर्वी काय घडले याची पुराणकथा. त्या इतिहासाचा शेवट एका फुटीत होतो: राणी मारिकाच्या राज्याचा आधार असलेली एल्डन रिंग भंगते, तिचे तुकडे हाती लागलेले मारिकाचे वंशज आपापसात लढतात, कोणीच जिंकत नाही, आणि देश सडत पडतो. आपण खेळतो तो त्यानंतरचा काळ. साक्षीदार मेलेले, वेडे झालेले किंवा खोटे बोलणारे आहेत. उरल्या आहेत त्या वस्तू, इमारती आणि प्रेते, आणि कथा त्यांच्यावरच लिहिलेली आहे. मियाझाकी यांनी मुलाखतींत सांगितले आहे की लहानपणी ते आवाक्याबाहेरची इंग्रजी कल्पनारम्य पुस्तके वाचत आणि जो मजकूर कळत नसे तो चित्रांवरून आणि कल्पनेने भरून काढत. त्यांच्या खेळांतली कथनपद्धती त्या वाचनातून आली आहे. मराठी माध्यमात शिकून पुढे इंग्रजी पुस्तकांशी झटापट केलेल्या आपल्यापैकी अनेकांना ही वाचनाची तऱ्हा परकी वाटायचे कारण नाही.

आता आधी तुमची अडचण सोडवू, कारण दर पाच मिनिटांनी मरणारा माणूस भिंतीवरची चित्रे पाहत नाही.

तो घोडेस्वार, ट्री सेंटिनेल, तुमच्यासाठी नाही. निदान आत्ता नाही. या मोकळ्या जगात सगळ्याच वाटा आताच चालायच्या नसतात, हे शिकवण्यासाठीच त्याला पहिल्या उघड्या माळावर आणून ठेवले आहे. त्याला वळसा घालून चर्च ऑफ एलेकडे जा. पुढे गेटफ्रंट येथील ग्रेसपाशी, म्हणजे सोनेरी प्रकाशाच्या थांब्यापाशी, विश्रांती घेतली की मेलिना नावाची तरुणी भेटते, तिच्याशी करार केल्यावर शत्रू मारून मिळालेले रून खर्चून लेव्हल वाढवता येते आणि टॉरेंट हा घोडा मिळतो. घोडा मिळाल्यावर पुन्हा एकदा चर्च ऑफ एलेत चक्कर मारा. तिथे एक जादूगारीण तुम्हाला घंटा आणि लढाईत आत्मे साथीला बोलावणारी, तीन लांडग्यांची स्पिरिट अ‍ॅश देते. ती स्वतःचे जे नाव सांगते ते लक्षात ठेवा, तिचे चारही हात आणि चेहराही नीट पाहून घ्या. ही माहिती पुढे फार उपयोगी पडते.

मार्गिटशी लगेच भिडू नका. त्याआधी दक्षिणेकडच्या वीपिंग पेनिन्सुलात जा. तो प्रदेश पहिल्या काही तासांसाठीच केलेला आहे आणि अनेक जण किल्ल्याच्या ओढीने तो तसाच सोडून देतात. पडक्या चर्चमध्ये मारिकाच्या पुतळ्याच्या पायाशी सेक्रेड टिअर मिळतात, त्यांनी फ्लास्कची, म्हणजे जीव भरून काढणाऱ्या कुपीची, ताकद वाढते. सोनेरी पानांच्या लहान रोपांपाशी गोल्डन सीड मिळतात, त्यांनी फ्लास्कची संख्या वाढते. लेव्हल वाढवताना सुरुवातीला व्हिगरला, म्हणजे जीव वाढवणाऱ्या गुणाला, प्राधान्य द्या. मार्गिटसमोर उभे राहताना ते २० च्या आसपास असावे आणि मध्यापर्यंत ४० कडे न्यावे, असा माझा आग्रह असतो. नवखा खेळाडू ताकद वाढवतो आणि जीव वाढवायचे विसरतो. मग एका चुकीत मेल्यामुळे बॉसची, म्हणजे मोठ्या शत्रूची, चाल त्याला कधी पुरती दिसतच नाही. शस्त्रातली वाढ ही लेव्हलइतकीच, कदाचित जास्तच, महत्त्वाची असते, आणि चर्च ऑफ एलेमधल्या ऐरणीवरच ते +३ पर्यंत नेता येते. चिलखत आणि शस्त्रांचा भार क्षमतेच्या ७० टक्क्यांच्या आत ठेवा, कारण त्यापलीकडे रोल, म्हणजे वार चुकवण्याची कोलांटी, जड होतो आणि ऐन वेळी घात करतो. ढाल वापरत असाल तर वार अडवल्यावर लगेच जड हल्ल्याचे बटण दाबा. हा गार्ड काउंटर नव्या खेळाडूला पॅरीपेक्षा (नेमक्या क्षणी वार परतवण्यापेक्षा) कितीतरी आधी हाताला बसतो.

आता मार्गिट. तो काठी उचलतो, थांबतो, तुम्ही घाबरून रोल करता, आणि रोल संपताना काठी खाली येते. तुमची घाई ओळखूनच ही चाल रचलेली आहे. पहिले काही डाव हल्ला अजिबात न करता फक्त पाहण्यासाठी खेळा. काठी वर असताना रोल करायचा नाही, ती खाली यायला लागली की करायचा, आणि मागे पळण्याऐवजी त्याच्या अंगाच्या दिशेने करायचा. रिंगणाबाहेर जमिनीवर सोनेरी चिन्ह दिसेल. ते रॉजियर नावाच्या जादूगार-योद्ध्याचे आहे, त्याला सोबत घ्या. आणि मर्कवॉटर केव्हमधल्या पॅचेसशी भांडण झाल्यावर त्याला जिवंत सोडा, कारण तो मार्गिट्स शॅकल नावाची बेडी विकतो, जिने मार्गिट थोडा वेळ जखडला जातो.

त्या बेडीपाशीच पूर्वकथा सुरू होते. तिचे वर्णन उघडून वाचले तर कळते की ती ओमेन या शापित जमातीतल्या एका विशिष्ट व्यक्तीला बांधण्यासाठी केलेली होती. मग प्रश्न पडायला हवेत: या एकट्यासाठी वेगळी बेडी का घडवली? ती कोणी घडवली? कैद केलेला माणूस आता मोकळा कसा, आणि मोकळा असून ज्यांनी त्याला बांधले त्यांच्याच व्यवस्थेची राखण का करतो? उत्तर अनेक तासांनंतर राजधानी लेंडेलमध्ये मिळते. मी ते सांगत नाही, पण हे प्रश्न मनात घेऊन जो तिथे पोहोचतो त्याला त्या लढाईत जे दिसते ते इतरांना दिसत नाही.

वस्तूंची वर्णने वाचताना एक पथ्य पाळा. बखर हाती घेतल्यावर आपण ती कोणाच्या पदरी असलेल्या माणसाने लिहिली, किती काळाने लिहिली आणि कोणाला बरे वाटावे म्हणून लिहिली हे आधी पाहतो. इथेही तसेच पाहावे. या खेळातले बरेचसे ज्ञान सुवर्णव्यवस्था मानणाऱ्यांच्या तोंडून आलेले आहे, आणि ती व्यवस्था मारिकाने जिंकल्यावर उभी केली. जे ‘असे म्हणतात’ म्हणून सांगितले आहे, ते कोण म्हणते हे शोधायचे असते. म्हणून मी नव्या माणसाला तीन गोष्टी वेगळ्या लिहायला सांगते: डोळ्यांनी जे पाहिले ते, कोणीतरी जे सांगितले ते सांगणाऱ्याच्या नावासकट, आणि आपला स्वतःचा तर्क. इंटरनेटवरचे बहुतेक वाद या तिघांची सरमिसळ झाल्यामुळे होतात. साधी वही पुरते, आणि ती मराठीत लिहावी हे उत्तम. खेळातले इंग्रजी जुन्या वळणाचे आणि मुद्दाम संदिग्ध आहे. ते आपल्या भाषेत मांडायला गेले की कोणते वाक्य खरेच कळले आणि कोणते नुसते डोळ्यांखालून गेले हे लगेच ध्यानात येते. इन्व्हेंटरी, म्हणजे जवळच्या वस्तूंची यादी, उघडली म्हणून खेळ थांबत नाही, शत्रू येतच राहतो, तेव्हा वर्णने ग्रेसपाशी बसून वाचावीत.

हे प्रत्यक्षात कसे चालते ते स्टॉर्मव्हेल किल्ल्यातच पाहता येते. मार्गिट पडला की आत जा आणि किल्ल्याचा स्वामी गॉड्रिक याच्याकडे धावत सुटू नका. किल्ल्यातल्या एका चॅपेलमध्ये तोच रॉजियर भेटतो. तो सौम्य बोलतो, अ‍ॅशेस ऑफ वॉर, म्हणजे शस्त्रांना जोडायची खास कौशल्ये, विकतो आणि आपण इथे काहीतरी शोधायला आलो आहोत असे सूचित करतो. काय, ते सांगत नाही. किल्ल्याच्या कडेने, बाहेर आलेल्या टप्प्यांवरून जपून खाली उतरत गेले तर तळाशी जाता येते. तिथे अंधारात एक ओंगळ, सळसळणारा प्राणी राखण करतो. त्याला मारल्यावर पुढे जे दिसते ते पाहून पहिल्यांदा कोणीही थबकतो: मुळांमध्ये रुतलेला, सडलेला, विद्रूप झालेला एक अवाढव्य चेहरा. बॉस नाही, हल्ला नाही, संगीताचा गजर नाही. जवळच रक्ताचा एक डाग आहे. असे डाग खेळात सर्वत्र असतात. त्यांना हात लावला की दुसऱ्या खेळाडूचे शेवटचे क्षण भुतासारखे उमटतात. या डागाला हात लावला तर रॉजियर दिसतो आणि त्याच्यावर काट्यांनी झडप घातलेली दिसते.

थोडे थांबून इथे काय झाले ते पाहा. जी सोय इतर खेळाडूंच्या चुका दाखवण्यासाठी आहे, तीच इथे पुरावा म्हणून वापरली आहे. गॉड्रिकला हरवल्यावर रॉजियर राउंडटेबल होल्ड या सुरक्षित तळावर बसलेला आढळतो आणि त्याला उठता येत नाही. तुम्ही तळाशी गेला नसाल तर तो तुम्हाला एक जखमी माणूस वाटतो. तळाशी जाऊन तो डाग पाहिला असेल तर त्याच्याशी त्याविषयी बोलता येते, आणि मग तो ‘काळ्या सुऱ्यांची रात्र’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हत्याकांडाविषयी सांगू लागतो: मारिकाचा पुत्र गॉडविन त्या रात्री मारला गेला, देवांच्या त्या वंशात मरणारा तो पहिला. चेहऱ्यापाशी सापडणाऱ्या, पिकलेल्या फोडासारख्या दिसणाऱ्या ताईताचे वर्णन वाचा. तो चेहरा कोणाचा, हे तिथे लिहिले आहे.

याच प्रकरणात साक्षीदारांची तुलना करण्याचीही संधी आहे. राउंडटेबलमध्ये डी नावाचा चिलखतधारी आहे, मृत्यूतही जगणाऱ्यांचा शिकारी. त्याच्या लेखी ते जिवंत मृत म्हणजे घाण आहेत, पुसून टाकायची. रॉजियर मात्र म्हणतो की त्या बिचाऱ्यांचा काही दोष नाही. सुवर्णव्यवस्थेतल्या एका उणिवेला त्यांचा स्पर्श झाला, इतकेच. दोघे एकाच छपराखाली, एकाच घटनेविषयी बोलत आहेत. त्याच जागी फिया नावाची एक स्त्री प्रेमाने जवळ घेते. तिच्या मिठीनंतर इन्व्हेंटरीत एक वस्तू येते, आणि ती जवळ असेपर्यंत तुमचा कमाल जीव पाच टक्क्यांनी घटलेला राहतो. खेळ त्याविषयी गाजावाजा करत नाही. फिया कोण, तिला काय हवे आहे, याचा पहिला पुरावा तुमच्याच जीवाच्या पट्टीवर उमटलेला असतो. (त्या वस्तूचा उपयोग केला की पट्टी पूर्ववत होते, घाबरू नका.)

दुसरे उदाहरण माझे सर्वांत आवडते आहे, आणि ते थोडे सविस्तर सांगते, कारण लढाई आणि पूर्वकथा एकमेकींत किती मुरलेल्या असू शकतात हे त्याच्याइतके दुसरे काही दाखवत नाही. लिमग्रेव्हच्या पूर्वेला मिस्टवूड नावाचे रान आहे. तिथल्या पडक्या अवशेषांजवळ लांडग्याचे ओरडणे ऐकू येते. ऐकू आल्यावर चर्च ऑफ एलेतल्या काले या व्यापाऱ्याला जाऊन विचारा. तो तुम्हाला चुटकी वाजवण्याची खूण शिकवतो. परत जाऊन चुटकी वाजवली की उंचावरून लांडग्याच्या तोंडाचा योद्धा उडी मारून खाली येतो. त्याचे नाव ब्लाइड. नकाशावर बाण नाही, कामांची यादी नाही, तरी एक माणूस भेटला.

हाच ब्लाइड पुढे केलिडमध्ये, रेडमेन किल्ल्यावर, रादान या सेनापतीच्या उत्सवात पुन्हा दिसतो. केलिडची जमीन लाल सडीने कुजलेली आहे; ती सड मारिकाची मुलगी मलेनिया हिने रादानशी लढताना तिथे फुलवली. रादान त्या सडीने वेडा झाला, आता मित्र-शत्रू न पाहता प्रेते खातो, आणि त्याचे जुने निष्ठावंत त्याला निदान लढत मरण यावे म्हणून योद्ध्यांना बोलावतात. उत्सव तो हाच. वाळूच्या टेकड्यांवर तुम्ही उतरता तेव्हा तो खूप दूर असतो आणि तिथून भाल्यासारखे बाण सोडतो. जमिनीवर सोनेरी चिन्हे विखुरलेली असतात, ती गोळा करत, साथीदार उभे करत पुढे सरकायचे असते. जवळ गेल्यावर दिसते की हा डोंगराएवढा पुरुष एका हडकुळ्या, लहानशा घोड्यावर बसला आहे. पहिल्यांदा पाहताना ते विचित्र वाटते. लढाईनंतर त्याच्या स्मृतीचे वर्णन वाचा: गुरुत्वाची विद्या तो तरुणपणी सेलिया नगरीत शिकला, आपल्या लाडक्या पण दुबळ्या घोड्याला कधी सोडून द्यावे लागू नये म्हणून. ज्या विद्येने तो उल्केसारखा आकाशातून तुमच्यावर कोसळला, ती विद्या घोड्याच्या मायेपोटी शिकलेली होती. हे कळल्यावर ती लढाई माझ्यासाठी कायमची बदलली. आजही तो घोडा वाळूवरून सरकताना पाहिला की रादानचे सगळे शहाणपण गेले तरी ही एक गोष्ट त्याच्या अंगात शिल्लक राहिली आहे, असेच मला वाटते.

आणि परिणाम तिथेच संपत नाहीत. त्याच विद्येने रादानने आकाशातले तारे रोखून धरले होते. तो पडल्यावर तारे पुन्हा चालू लागतात, त्यांतला एक लिमग्रेव्हमध्ये कोसळतो आणि जमिनीत प्रचंड विवर पडते. त्यातून नोक्रॉन या भूमिगत नगरीत उतरता येते. ज्यांचे नशीब ताऱ्यांना बांधलेले आहे अशा एका राजघराण्यातल्या व्यक्तीचा अडलेला बेत त्यामुळे पुढे सरकतो, आणि ब्लाइड त्या उत्सवात का आला होता हेही तेव्हा उलगडते. तुम्ही पहिल्या दिवशी ज्या माळावरून गेलात तिथे आता खड्डा आहे, आणि तो एका घोड्यावरच्या मायेच्या विद्येने अडवलेल्या ताऱ्याचा आहे. व्हिडिओत हे दहा सेकंदांत सांगून होते. स्वतः चालत गेले तर महिनाभर लक्षात राहते.

कालेविषयीही एक सांगायचे आहे. हे फिरते व्यापारी सगळीकडे एकटे बसलेले असतात, कोणी तंतुवाद्य वाजवत असतो. ते कधी एकत्र का दिसत नाहीत, असा प्रश्न फार थोड्यांना पडतो. राजधानीच्या खालच्या गटारांमधून आणखी खाली उतरल्यावर त्याचे उत्तर आहे, आणि संपूर्ण खेळात त्याहून भीषण दृश्य माझ्या माहितीत नाही. फक्त एवढे करा: व्यापाऱ्यांचा पोशाख मिळाला की त्याचे वर्णन वाचा आणि मगच तिथे उतरा.

मारिकाचा दुसरा पती रादागॉन याच्यासाठी वहीत एक कोरे पान राखून ठेवा. त्याचे केस लाल आहेत आणि त्याला ते आवडत नसत अशी आख्यायिका एका चाबकाच्या वर्णनात येते. लिउर्नियाची राणी रेनाला हिने लग्नात दिलेली तलवार त्याने नंतर सुवर्णव्यवस्थेच्या रूपात बदलून टाकली, हे दुसरीकडे कळते. आणि लेंडेलमध्ये त्याच्या पुतळ्यासमोर जमिनीवर एक संदेश आहे, जो सांगतो की प्रतिगमनानेच गुपित उघडते. लॉ ऑफ रिग्रेशन हा मंत्र त्यासाठी लागतो, आणि तो म्हणायला इंटेलिजन्स (बुद्धी) हा गुण ३७ हवा. तेवढे तुमच्याकडे नसेल तर रेनालाला हरवल्यावर लार्व्हल टिअर ही वस्तू तिला देऊन गुणांचे आकडे पुन्हा वाटून घेता येतात. मंत्र म्हणा, काय होते ते पाहा, मग हवे तर परत पूर्वीसारखे करून घ्या. हे कोणाकडून ऐकू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

म्हणूनच व्हिडिओंना माझा विरोध नाही, ते आधी पाहण्याला आहे. त्यांत फार मेहनती लोक आहेत आणि त्यांच्याकडून मी पुष्कळ शिकले आहे. पण त्यांचे निष्कर्ष आधी कळले की वस्तू हातात आल्यावर तुम्ही ती ओळखता, वाचत नाही. एकदा शेवटाला पोहोचा, आपली वही भरा, आणि मग त्यांचे ऐका. तेव्हा त्यांच्याशी वाद घालता येतो, आणि तो आनंद निराळाच असतो. वाट अडली, कोणत्या गुहेत शस्त्र सुधारायचे स्मिथिंग स्टोन आहेत हे हवे आहे, अशा कामांसाठी विकी पाहायला मात्र काहीच हरकत नाही. लढाईची मदत घेतल्याने खेळाचे काही बिघडत नाही. स्पिरिट अ‍ॅश वापरणे म्हणजे फसवणूक असे कोणी म्हणाले तर त्याकडे दुर्लक्ष करा, ती याच जगाची, त्याच्या कथेत बसणारी सोय आहे.

माणसांच्या गोष्टी पहिल्या खेपेला सुटणार, हे गृहीत धरा. कोणीतरी जागा बदलते, कोणी तुमच्या अनुपस्थितीत मरते, कोणाचा माग कायमचा हरवतो. मी नव्या खेळाडूंना एवढीच सवय लावते की प्रत्येकाशी संवाद पुन्हा पुन्हा येऊ लागेपर्यंत बोलावे आणि मोठा बॉस पडला की राउंडटेबलमध्ये एक फेरी मारावी. शेवट सहा आहेत. त्यांतले काही केवळ एखाद्या व्यक्तीची साथ शेवटपर्यंत केली तरच समोर येतात, आणि प्रत्येक शेवट म्हणजे भंगलेल्या व्यवस्थेचे काय करावे याचे त्या व्यक्तीने काढलेले उत्तर आहे. पहिल्या वेळी यादी पाहून शेवट निवडू नका. ज्याचे म्हणणे तुम्हाला पटले त्याच्या बाजूने जा.

शॅडो ऑफ द एर्डट्री हा जून २०२४ मधला विस्तार आत्ताच घ्यावा का, असेही तुम्ही शेवटी विचारले आहे. घेतला तरी लगेच जाता येणार नाही, कारण त्याचे दार रादान आणि मोग या दोन बॉसना हरवल्यावरच उघडते. तिथे लेव्हलपेक्षा तिथली ताकद वाढवणारे स्कॅडूट्रीचे तुकडे गोळा करणे महत्त्वाचे असते; ते न करता बॉसवर डोके आपटणारे अनेक जण पाहिले आहेत. आणि तिथे गेल्यावर एका क्रमाने चाला. आधी बॉनी व्हिलेज शोधा आणि तिथली मडकी, त्यांत काय भरले आहे, आणि त्या भागात मिळणारी शस्त्रे काय सांगतात ते वाचा. त्याच भागात हात पसरून आईला हाक मारण्याची एक खूण मिळते. ती खूण शॅडो कीपच्या मागच्या बाजूला, मारिकाच्या एका पुतळ्यासमोर करून पाहा. पुढे एक छोटे, निर्मनुष्य गाव लागते. तिथला सोनेरी वेणीचा ताईत आणि तिथला मंत्र, दोन्हींची वर्णने वाचा. हे झाल्यावर वहीच्या पहिल्या पानांवर मारिकाविषयी तुम्ही जे लिहिले असेल ते काढा, आणि त्यातले काय तुम्ही पाहिले होते व काय केवळ तिच्या दरबारातल्या लोकांनी सांगितले होते, ते पुन्हा तपासा. मला खात्री आहे की बरेच खोडून नव्याने लिहावे लागेल.